बुधवारच्या ओळी

बाई नववीला इतिहास शिकवायच्या आणि अख्खी शाळा त्यांना 'कशावरून बाई' म्हणायची. तोंडावर नव्हे, पाठीमागे; पण बाईंचे कान तिखट होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते नाव आवडायचंही. 'राजा फार दयाळू होता' असं कोणी लिहिलं, की वहीच्या समासात लाल शाईने एकच शब्द उमटायचा: कशावरून? 'पुस्तकात दिलंय बाई' म्हटलं, की बाई विचारायच्या, 'पुस्तकवाला काय राजाच्या पंगतीला होता?' उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांच्या लेखी इतिहासातला सगळ्यात मोठा गुन्हा होता.

त्यांच्या वर्गात उत्तर तीन ओळींचं असायचं. पहिल्या ओळीत विधान, दुसरीत पुरावा, आणि त्या पुराव्यावरून ते विधान कसं निघतं ते तिसरीत. पहिल्या दोन ओळी पोरं लीलया लिहायची. तिसरी मात्र नाकी नऊ आणायची. 'कर वाढवला' हा पुरावा, 'प्रजा चिडली होती' हे विधान. ठीक आहे, पण चिडली हे तुला कुणी सांगितलं? कदाचित मुकाट्याने भरलाही असेल. की लागली पोरं पेन चावायला.

ही सवय बाईंनी शिक्षकांच्या खोलीतही सोडली नाही, ही त्यातली गोम. 'आज गारठा जास्त वाटतोय,' असं गणिताचे सर सहज म्हणाले तरी बाई विचारायच्या, 'कालच्यापेक्षा, की मागच्या वर्षीपेक्षा?' असं वीस वर्षं ऐकल्यावर माणूस गारठ्याबद्दल बोलायचं सोडतो, आणि मग बाकीचंही. मधल्या सुट्टीत लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बाई बसत आणि त्यांच्या शेजारची खुर्ची सगळ्यांच्या पिशव्या ठेवायच्या कामी येई. साडेपाचला त्या घरी येत, कुलूप उघडत, एका माणसाचा चहा करत. लग्न केलं नव्हतं, आई सहा वर्षांपूर्वी गेली होती. घरात कोणी एखादं विधान करेल तर त्यावर काही विचारायचं ना.

दरवर्षी दुसऱ्या सहामाहीत त्या वर्गात एक खोकं आणायच्या. त्यात रद्दीवाल्याकडून मिळवलेले कुणा अनोळखी माणसाचे कागद असत: तिकिटं, पावत्या, यादी, एखादं अर्धवट पत्र. पोरांनी त्यावरून तो माणूस ओळखायचा, अर्थात तीन ओळींत. पोरांना हा खेळ जीव की प्राण. यंदा शाळेला रंग देताना कुणीतरी कपाटावर पाण्याची बादली लवंडली आणि खोक्याचा लगदा झाला. रविवार उजाडला तरी दुसरे कागद मिळेनात. तेव्हा बाईंनी आईचा खण उघडला.

चष्म्याचा कागद, औषधांची यादी असं काही काही निघालं, आणि तळाशी आईच्या बीपीच्या वह्या. शेवटची तीन वर्षं आईचं बीपी दिवसातून तीनदा मोजून लिहून ठेवायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळ, दुपार, रात्र. सकाळी आणि रात्री बाई स्वतः मोजत. दुपारी, बाई शाळेत असताना, आईजवळ बसायला ठेवलेली मदतनीस मोजे. बाईंनी एक वही आणि औषधांची यादी उचलली, वरचं नाव कापलं आणि यादीच्या नि शंभर दिवसांच्या पानांच्या प्रती काढल्या. यात नुसती औषधं आणि आकडे आहेत, त्यांत कुणाचं काय कळणार, असा त्यांचा हिशेब.

आता बाईंचं स्वतःचं एक विधान होतं, ते सांगायला हवं. ते असं: 'धाकट्याने आईला टाकलं.' धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, त्याच शहरात राहणारा, चष्म्याच्या दुकानात कामाला असलेला. आईला नीट चालता येईना तेव्हा तो म्हणाला होता, चांगला वृद्धाश्रम बघू या का, तुझीही ओढाताण होते. बाईंनी त्याला दाराबाहेर काढलं आणि 'परत पाऊल ठेवू नकोस' असं बजावलं. त्यानंतर तीन वर्षं तो बाईंच्या नजरेस पडला नाही. आई गेल्यावर तो दारात येऊन उभा राहिला, तर बाई म्हणाल्या, 'आता कशाला आलास?' तो दोन पायऱ्या उतरला, थोडा थांबला आणि निघून गेला. त्यानंतर मामा, मावशी, आत्या, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना बाईंनी ते विधान ऐकवलं. पुरावा कुणी मागितला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही.

मंगळवारी वर्गात प्रती वाटल्या. चार-चारांचे गट पडले, कुजबुज सुरू झाली. नंतर मधेच एकदा सगळे अचानक गप्प झाले, दोघाचौघांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पोरं कधी नव्हे ती कामाला लागली, असं समजून बाई खूश झाल्या.

पहिला उठला तो वर्गातला 'रेडिओ'. याचं तोंड झोपेतही बंद नसतं असं त्याची आईच सांगायची.

"बाई, ही म्हातारी बुधवारी खूश असायची."

"म्हातारी कशावरून?"

"औषधांची यादी बघा की. आणि बुधवारी दुपारी बीपी कमी येतं."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते बाळा. किती बुधवार मोजलेस?"

"चौदा, बाई. त्यातल्या अकरा बुधवारी कमी आहे. इतके कावळे कसे बसतील?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि फळ्यावर लिहिलं: चौदापैकी अकरा. "शाब्बास. पण त्यावरून बीपी कमी होतं एवढंच निघतं. खूश होती, हे तुझ्या पदरचं. बुधवारी वेगळं काय होतं ते दाखव."

"ते हिला माहितीये," म्हणत रेडिओने शेजारच्या मुलीकडे बोट दाखवलं.

तिला वर्गात 'डावरी' म्हणत, कारण डाव्या हाताने लिहायची. ती उठली ती कागद छातीशी धरून, आणि एरवी कुणाला न ऐकणारी ही पोरगी चक्क चाचरली.

"बाई, यात तीन अक्षरं आहेत. सकाळ-रात्रीचं एक. दुपारचं दुसरं, गोल गोल. पण बुधवारी दुपारी तिसरंच. आणि तो माणूस डावखुरा आहे."

"कशावरून?" बाईंनी विचारलं. सवयीने विचारलं.

डावरीने आपला डावा तळवा वर्गाला दाखवला. करंगळीखालची कड शाईने निळी झाली होती. "आम्ही लिहिताना हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो, म्हणून शाई फरफटते. माझी वही अशीच असते, तुम्हीच ओरडता. या सगळ्या बुधवारच्या ओळी फरफटल्यात. बाकी एकही नाही."

बाईंनी टेबलावरची प्रत उचलली. बुधवारच्या आकड्यांवरून उजवीकडे करड्या रेघा ओढल्या गेल्या होत्या, चौदाच्या चौदा ठिकाणी. ते आकडे त्यांनी तीन वर्षं दर रात्री वाचले होते. एकशे चाळीस, एकशे तीस, ठीक आहे, डॉक्टरांना सांगू. आकडा कुणाच्या हातचा हे बघायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि धाकट्याचा डावा हात लहानपणी वडिलांनी पट्टीने मारून उजवा करायचा प्रयत्न केला होता, तेव्हा आई मधे पडली होती. बुधवारी चष्म्याचं दुकान बंद असायचं.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

"पुढे लिहिलंय बाई, पण वाचत नाही," म्हणून डावरी खाली बसली. घंटा झाली तेव्हा पोरं एरवीसारखी दारावर तुटून पडली नाहीत, हळूहळू गेली. डावरी मागे राहिली आणि तिने कागद टेबलावर ठेवला.

"पहिलं अक्षर कुणाचं ते कळलं मला. पण मी ते लिहिलेलं नाही."

"आणखी कुणाला कळलं?"

"सगळ्यांनाच. लाल शाईत रोज बघतो ना, बाई."

नाव कापलं होतं बाईंनी, अक्षर कापायचं राहिलं. डावरी गेल्यावर त्यांनी कागद वाचला. 'विधान: हिच्यावर जीव असलेली दोन माणसं होती आणि ती एकमेकांना भेटत नव्हती. पुरावा: पहिलं अक्षर आणि तिसरं अक्षर एका वेळी कधीच नाही. सुट्टी असून पहिला माणूस घरी असला, त्या बुधवारी तिसरं अक्षर येत नसणार.' शेवटच्या वाक्यापुढे तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'हा अंदाज आहे.'

संध्याकाळी चहा न करताच बाई आईच्या सगळ्या वह्या घेऊन जमिनीवर बसल्या. शाळेच्या सुट्टीतले बुधवार एकेक करून काढले. डावरीचा अंदाज बरोबर होता. मे महिन्यात एकही फरफटलेली ओळ नव्हती. जूनच्या दुसऱ्या बुधवारी ती परत सुरू व्हायची. आई तो सगळा महिना दुपारची खिडकीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि बाई म्हणायच्या, मी घरी आहे ना आता, मग का अशी गप्प? बाई वह्यांच्या ढिगात बसून रडल्या, मोठ्याने, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

मग त्यांनी फोन लावला. नंबर पाठ होता.

"हॅलो?" मागे टीव्हीवर कसलीशी मॅच चालू होती.

"मी बोलतेय."

"बोल ताई. कुणाला काही झालंय का?"

"नाही. तू बुधवारी यायचास."

"हो."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही. ती मदतनीससुद्धा बोलली नाही."

"आईनं शपथ घातली होती, तिला आणि मला." सांगावं की नाही, असा त्याचा सूर होता. "आई म्हणायची, तिला वाटतंय सगळं ती एकटीच करतेय. वाटू दे. तिच्याजवळ दुसरं आहे काय?"

बाई भिंतीला टेकल्या. आईने त्यांना इतकं नेमकं ओळखलं होतं, आणि त्यांची दया येऊन तीन वर्षं गप्प राहिली होती.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "दारातून परत पाठवलं तुला. सगळ्यांना भलतंसलतं सांगत सुटले. तू रागावला असशील."

"नाही गं," धाकटा म्हणाला, आणि खरंच त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच फार लागलं. "पहिली दोन वर्षं होतो. आता सवय झाली."

मॅचमध्ये कुणीतरी काहीतरी केलं असावं, लोक ओरडत होते. आता फोन ठेवून द्यावा, झालं ते बोलून झालं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

"मला नाही झाली," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं झाली, मला नाही झाली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब," तो म्हणाला, "टीव्ही बंद करतो."