डूख धरलेली संकल्पपेटी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. रोह्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये, पाळकसाहेबांच्या टेबलावर माझी जागा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू गोड बोलतात असे तुम्हाला वाटत असेल, तर मी तुमची निराशा करणार आहे. मी एका माणसावर डूख धरून बसले आहे. तो का, ते ऐका.

माझा जन्म पेणचा. सखा सुताराने गणपतीच्या पाटांतून उरलेल्या फळ्या जोडून मला घडवले. पाळकसाहेबांनी साधीच पेटी सांगितली होती, पण काही तरी कोरल्याशिवाय सखाला चैन पडेना, म्हणून त्याने झाकणावर भाताची लोंबी काढली. वर चिठ्ठी जाईल एवढी फट आणि पुढे पितळी कुलूप. एस.टी.च्या टपावरून मी रोह्याला आले, तेव्हा चौदा घरांची आमची मंडळी मला बघायला उठून उभी राहिली. तेवढे कौतुक पुन्हा कधी वाट्याला आले नाही.

माझे काम वर्षातून दोनच दिवसांचे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या उपासनेनंतर, देवाच्या आणखी जवळ जाण्यासाठी नव्या वर्षात आपण काय करणार ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे आणि घडी घालून माझ्या पोटात टाकायचे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कुलूप उघडायचे, आपली चिठ्ठी सर्वांसमोर वाचायची आणि जमले की नाही ते खरे सांगायचे. कुणी रोज पहाटे प्रार्थना करीन म्हणे, कुणी भावाशी अबोला सोडीन म्हणे. जनू कंपाउंडर सात वर्षे तंबाखूच सोडत होता.

ज्यांना लिहिता येत नसे, त्यांच्या चिठ्ठ्या पोपट मास्तर लिहीत. ते शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे सेक्रेटरी, अक्षर मोठे वळणदार. माझा डूख याच माणसावर आहे.

काशीबाई पेणच्या खाडीकडची. मिठागरात मिठाच्या टोपल्या वाहायची आणि रविवारी पहिली एस.टी. धरून उपासनेला यायची. नवऱ्याबरोबर ती ख्रिस्ती झाली होती. नवरा गेला तरी तिने चर्च सोडले नाही. एकदा वार्षिक सभेत तिने विचारले, "पंखा पुरुषांच्याच डोक्यावर का हाय? आमी बायकांनी दारात उन्हात का बसायचं?" प्रश्न सरळ होता. पाळकसाहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात चटया हलवल्या. पण कुणी कुठे बसायचे ते मास्तरांनी ठरवलेले होते, आणि चारचौघांत त्यांची चूक निघाली होती.

पुढच्या जानेवारीत ती त्यांच्यासमोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "लिवा मास्तर. या वर्साला मला वाचाया शिकायचं हाय. बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान माझ्या डोळ्यांनी वाचायचं हाय."

मास्तरांनी मान डोलावली, लिहिले आणि चिठ्ठी माझ्यात टाकली. पोटात पडलेले अक्षर मला कळते. चिठ्ठीत लिहिले होते, 'मी माझी वाचाळ जीभ आवरीन आणि वडीलधाऱ्यांचा मान राखीन.' मित्रांनो, दुसऱ्याचे खोटे पोटात घेऊन वर्षभर गप्प बसून बघा.

काशीबाई मात्र डिसेंबरची वाट बघत होती. तिला शिकवणारे कुणी मिळाले नव्हते. चिठ्ठी वाचली की मंडळीला कळेल आणि मग कुणी तरी पुढे येईल, अशी तिची भाबडी आशा. तो रविवार आला. मास्तरांनी तिची चिठ्ठी खड्या आवाजात वाचली.

"असं मी नाय सांगितलं," काशीबाई म्हणाली.

"बाई, तुझ्याच नावानं लिहिलंय हे. वर्षभरात विसरलीस तू," मास्तर म्हणाले. मग मंडळीकडे वळून, "आणि जीभ आवरली का, ते तुम्हीच बघा."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले, आणि तेही मी विसरलेले नाही. भरल्या चर्चमध्ये खोटी ठरून ती खाली बसली. उपासना सुटल्यावर दवाखान्यातली नर्स शांती तिच्याजवळ आली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला अक्षरं शिकव गो. या माणसाला मी सोडनार नाय."

देवाचे वचन वाचण्यासाठी तिला शिकायचे होते. आता ती सूड घेण्यासाठी शिकू लागली. खोटे कशाला सांगू, मला ते जास्त आवडले.

दर रविवारी दोघी माझ्याच टेबलाशी पाटी घेऊन बसत. मिठाने फुटलेल्या तिच्या बोटांत पेन्सिल ठरत नसे. जोडाक्षरांनी तिला रडवले. चार जानेवाऱ्या तिने माझ्यात कोरी चिठ्ठी टाकली. कुणाला त्या चिठ्ठीवर लिहू दिले नाही. तिसरे वर्ष सरता सरता ती मार्काचा पहिला अध्याय न अडखळता वाचू लागली. तोवर मास्तरांना काचबिंदू होऊन अक्षर दिसेनासे झाले होते. मला अजिबात वाईट वाटले नाही.

आता नवे पाळकसाहेब आले होते. त्यांना जुने काही ठाऊक नव्हते. चौथ्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी ते सहज म्हणाले, "मास्तर, तुमची चिठ्ठी काशीबाई लिहितील. त्यांना छान लिहिता येतं."

मास्तरांचा चेहरा उतरला. पण चारचौघांत नाही कसे म्हणणार? घसा साफ करून ते म्हणाले, "लिही. मी रोज देवाचं वचन कुणाकडून तरी वाचून घेईन."

काशीबाईने सावकाश लिहिले.

"वाचून दाखव," मास्तर म्हणाले.

"चिठ्ठी डिसेंबरात वाचायची. तशी रीतच हाय," ती म्हणाली आणि तिने चिठ्ठी माझ्या पोटात टाकली.

आत काय होते ते मला लगेच कळले. मास्तर वर्षभर थांबले, तुम्ही चार ओळी थांबा.

ते वर्ष माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मास्तर सगळ्यांच्या आधी येत, चाचपडत टेबलापाशी पोहोचत आणि माझ्या कुलपावरून बोटे फिरवत. एकदा त्यांनी पाळकसाहेबांकडे किल्ली मागितली, ती मिळाली नाही. काशीबाईला तर दर रविवारी विचारत, "काय लिहिलंस ते सांग ना." ती म्हणे, "तुमी काय बोललात ते तुमाला म्हायती हाय." त्यांचे जेवण कमी झाले, असे त्यांची सून सांगायची. मी मजेत होते.

डिसेंबरचा शेवटचा रविवार उजाडला. कुलूप उघडले. काशीबाईने मास्तरांची चिठ्ठी हातात घेतली, तोच ते काठी टेकत उभे राहिले.

"थांब जरा," ते म्हणाले. "हिनं आता काहीही वाचलं तरी हिला दोष देऊ नका. पाच वर्षांपूर्वी हिनं मला वाचायला शिकायचंय म्हणून सांगितलं होतं. मी मुद्दाम दुसरंच लिहिलं आणि भर उपासनेत हिला खोटं पाडलं. खोटा मी होतो."

काशीबाईने चिठ्ठी उलगडली आणि वाचली, "मी रोज देवाचं वचन कुणाकडून तरी वाचून घेईन." मग ती त्यांच्या हातात ठेवली. "तुमी बोललात तेवढंच हाय. मी तुमच्यासारखी नाय, मास्तर."

मास्तर मटकन खाली बसले. त्यांना वर्षभर जाळायला तिला एक अक्षरही बदलावे लागले नव्हते.

पुढच्या रविवारी काशीबाईने आपली स्वतःची पहिली चिठ्ठी लिहिली, 'पोपट मास्तरांना क्षमा करणे.' डिसेंबरात उभी राहून तिने खरे ते सांगितले, "नाय जमलं." जानेवारीत पुन्हा तीच चिठ्ठी. तिसऱ्या वर्षी मास्तर वारले. ती त्यांच्या मातीला गेली, पण त्या डिसेंबरातही म्हणाली, "मानूस ऱ्हायला नाय, तरी जमत नाय." मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करते. यंदा सहावे वर्ष आहे.

माझ्या बुडाला आता वाळवी लागली आहे आणि कमिटी प्लास्टिकचा डबा आणायचे म्हणते आहे. मित्रांनो, जुन्या लाकडाला अधूनमधून ऊन दाखवा, थोडे रॉकेल पुसा, म्हणजे ते टिकते. आणि कुणाची चिठ्ठी लिहायला बसाल, तर त्याचेच शब्द लिहा; बिचारा विश्वासाने समोर बसलेला असतो. मला एवढ्यात मोडीत काढू नका. काशीबाईची चिठ्ठी अजून माझ्या पोटात आहे, आणि एक ना एक दिवस तिला जमेल, असे पाळकसाहेब म्हणतात. तिला क्षमा करण्याची देवाची आज्ञाच आहे. मी लाकूड आहे, मला कुणी आज्ञा केलेली नाही.