वाटाण्याएवढं हाड

मनगटात आठ हाडं असतात. पेटीत सातच होती. मी तीनदा मोजली आणि यादीत पिसिफॉर्म या सगळ्यांत छोट्या हाडापुढे प्रश्नचिन्ह केलं.

पेटी बाबांची. डॉ. प्रफुल्ल सोनवणे यांनी सुरतेत एकतीस वर्षं मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवली. ज्याला खऱ्या हाडांचा संच परवडत नसे अशा एखाद्या विद्यार्थ्याला ते ही पेटी वर्षभरासाठी देत. निवृत्त झाल्यावरही देत राहिले. पास झालं की पेटी परत आणायची आणि झाकणाच्या आत स्वतःचं नाव लिहायचं, एवढीच अट. झाकणात एकोणीस नावं आहेत. गेल्या दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि पेटी घरीच राहिली. दीड महिन्यापूर्वी बाबा गेले.

आता बमरोलीची धनश्री ती न्यायला येणार होती. मी तिला फोनवर परस्पर हो म्हणून टाकलं होतं.

"कोण ही?" आईनं विचारलं.

"पहिल्या वर्षाला आहे. वडील लूमवर कामाला आहेत. पुढच्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा आहे."

"मग पुस्तक वाच म्हणावं."

"आई, बाबा असते तर त्यांनी..."

"ते नाहीत, दीप्ती. म्हणूनच म्हणते, पेटी राहू दे."

बाबाही बमरोलीचेच. आजोबा गंगाराम तिथल्या मिलमध्ये होते. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे बाबांना हळू बोलणं जमतच नसे. वर्गात त्यांना माईक लागला नाही. घरी त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारचे "शुं थयुं?" म्हणून डोकावत. शाळेत जाताना माझी वेणी तेच घालायचे. डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर बोट टेकवून विचारायचे, "हे कोण?" उत्तर बरोबर आलं तरच रिबन. सातव्या वर्षी मला 'ऑक्सिपिटल' म्हणता येत होतं आणि बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला आणि त्याबरोबर शब्द. मी कार्डांवर चित्रं चिकटवून आणली: कप, दार, पंखा. बाबा चित्राकडे बघत, ओठ हलवत, मग मान फिरवून घेत. चौथ्या दिवशी मी कार्डं कपाटात ठेवून दिली.

रविवारी सकाळी धनश्री आली. सडपातळ, आवाज इतका बारीक की मला दोनदा "काय?" विचारावं लागलं. आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. मी पेटी उघडली आणि एक हाड कमी असल्याचं आधीच सांगून टाकलं.

"चालशे, दीदी," ती म्हणाली. एकेक हाड उचलून ती स्वतःशीच नाव पुटपुटत होती. "हे ट्रॅपेझियम."

"ट्रॅपेझॉइड," दारातून आवाज आला. हातात चहाचा ट्रे घेऊन आई उभी होती. "खाच कुठंय त्याला? ट्रॅपेझियमला खाच असते."

धनश्रीनं हाड फिरवून पाहिलं. खाच नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. आई सातवीपर्यंत शिकलेली.

"तुला कसं माहीत?"

"तू दिवसभर कापडाच्या डाइंगच्या लॅबमध्ये. आम्ही दोघं घरात काय करणार?" तिनं ट्रे खाली ठेवला. "तुझी ती कार्डं बघून त्यांना रडू यायचं. मग एकदा मी पेटीतलं एक हाड त्यांच्या डाव्या हातात ठेवलं, डोळे मिटा म्हटलं. बोटांनी चाचपलं आणि नाव सांगितलं. खणखणीत! मग रोजचंच झालं. माझं नाव येत नव्हतं त्यांना. हाडांची येत होती."

आई आत गेली, कपाटातून बाबांच्या चष्म्याची डबी घेऊन आली. डबीत चष्म्याशेजारी वाटाण्याएवढं हाड होतं.

"हळूहळू तीही गेली. शेवटी एवढं एकच राहिलं. हातात ठेवलं की 'पिसी' म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा." तिनं डबी मिटली. पुन्हा उघडली. धनश्रीसमोर धरली. "घे. अपुरी पेटी त्यांनी कुणाला दिली नसती."

धनश्रीनं हात पुढे केला, पण हाड घेतलं नाही. तळहात वर करून मनगट सैल सोडलं.

"काकू, बोट द्या तुमचं." आईचं बोट धरून तिनं करंगळीच्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे टेकवलं. "लागलं? हलवून बघा."

"हे तर..."

"तेच. अमोलदादानं दाखवलं मला. त्याचं नाव आहे झाकणात. सर म्हणायचे म्हणे, पेटी उघडण्याआधी हाड आपल्या अंगावर शोधा." तिनं डबी आईकडे सरकवली. "हे तुम्ही ठेवा. माझ्याकडे दोन आहेत."

 आईनं स्वतःचं मनगट सैल सोडलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चाचपत राहिली. सापडलं तेव्हा मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. चहावर साय धरली होती.

मी यादीतलं प्रश्नचिन्ह खोडून तिथे 'घरी' असं लिहिलं. पेटीचं झाकण मात्र आईनं स्वतः लावलं आणि पेटी धनश्रीच्या हातात दिली.

ती जिना उतरायला लागली तशी आई कठड्याशी गेली.

"ए पोरी, तोंडीला असं पुटपुटू नकोस! बमरोलीची ना तू?"

खालून काहीतरी उत्तर आलं.

"काय? ऐकू नाही आलं!"

"हो, काकू!" धनश्री ओरडली, आणि शेजारचं दार उघडलं.