काकूंची सवत

शेजारच्या काकांचे दोन्ही कान लोडरने नेले. लोखंडाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, दाबाच्या हवेवर चालणारं ते ठेंगणं यंत्र सुरुंगाने फुटलेल्या दगडांत फावडं खुपसायचं आणि भरलेलं फावडं स्वतःच्याच डोक्यावरून मागच्या डब्यात उलटं करायचं. काका त्याच्या बाजूच्या फळीवर उभे. अरुंद बोगद्यात तो आवाज जाणार कुठे? काकांच्या कानात मुक्कामाला यायचा.

काकू त्या यंत्राला सवत म्हणत. "दिवसभर तिचं ऐकता, मग घरी माझं कसं ऐकू येईल!" हेही ओरडूनच, कारण दुसरा इलाज नव्हता. त्यामुळे या जोडप्याचं खासगी असं काही उरलंच नाही. काकांचं पोट बिघडलं की डॉक्टरांआधी गल्लीला कळे. त्यांचं भांडण मिटलं की आम्हालाही हायसं वाटे.

खाण बंद पडली. लोडरला पिवळा रंग देऊन फाटकापाशी चौथऱ्यावर बसवलं. काकू बघून आल्या आणि कडाडल्या, "मेली म्हातारपणी नटलीय हो!"

मग काकूंची छाती बिघडली. आधी ओरडणं गेलं, मग बोलणं, उरली नुसती कुजबुज. गल्ली एकदम शांत झाली आणि ती शांतता कुणालाच सोसेना. काका खाटेशी बसून बायकोच्या ओठांकडे बघत. 'पाणी' कळायचं. त्यापुढचं सगळं डोक्यावरून जायचं.

त्या दुपारी मी औषध द्यायला गेलो होतो. काकूंनी बोटाने नवऱ्याला जवळ बोलावलं. काकांनी कान त्यांच्या ओठांना टेकवला. काकू बोलत राहिल्या, थांबत थांबत, बराच वेळ. मध्ये एकदा हसल्यासुद्धा. काका "हं, हं" करत होते. उशाशी बसलेल्या सुनेने सगळं ऐकलं. ती लाजली आणि रडली, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी काकू गेल्या.

माणसं पांगल्यावर सून काकांसमोर बसली. छातीत श्वास भरून ओरडली, "बाबा! आई दुपारी काय म्हणाल्या, सांगू?"

गल्लीभर खिडक्या स्तब्ध झाल्या. माझीही.

काकांनी हात वर केला. "नको गं. जन्मभर सगळं ओरडूनच बोलली बिचारी. एवढं एकच हळू बोलली. ते राहू दे." मग विचारलं, "माझं 'हं' तेवढं बरोबर जागी पडत होतं ना?"

सुनेने मान डोलावली. पुन्हा डोलावली.