डावीकडचे चेंडू

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला चारचौघांत खोटारडा म्हणाले ती मीच. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती.

आमच्या बागेतल्या टेनिस कोर्टांवर पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्याने सांगायचं, आत की बाहेर, आणि समोरच्याने ते मुकाट्याने ऐकायचं. एवढाच आमचा कायदा. सकाळी साडेपाचला येणारी आम्ही वीस-बावीस माणसं. त्यात एक प्लंबर आहे, बँकेतली एक बाई आहे, निवृत्त झालेले एक न्यायाधीशही आहेत. पण कोर्टावर न्यायाधीशांच्या शब्दाला प्लंबरच्या शब्दापेक्षा कवडीचीही जास्त किंमत नाही. आणि एकदा का एखाद्याचा शब्द गेला, की त्याच्याकडे कितीही चांगली सर्व्हिस असो, त्याच्याशी खेळायला कुणी उभं राहत नाही.

त्या सकाळी दादा माझ्यासमोर होता. मी मारलेला चेंडू त्याच्या डावीकडच्या रेषेच्या चांगला वीतभर आत पडला. दादा शांतपणे म्हणाला, "बाहेर." त्या आठवड्यातला हा पाचवा की सहावा. आधीचे मी गिळले होते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्मापासूनचा गुण. नेटपाशी गेले आणि दुसऱ्या कोर्टावरही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "त्रेसष्टाव्या वर्षी खोटं बोलायला लागलास का रे दादा?"

तो नुसता बघत राहिला, आणि मग बॅग उचलून निघून गेला. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो.

पुढचे चौदा दिवस आम्ही त्याला वाळीत टाकलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आमच्याकडे आल्यावर रॅकेट कुंपणाच्या जाळीत अडकवायची पद्धत आहे. कोर्ट रिकामं झालं की पहिल्या चार रॅकेटवाल्यांनी आत जायचं. दादाचा नंबर आला की बाकीच्या तिघांपैकी कुणाचा तरी पाय दुखायला लागायचा, कुणाला फोन यायचा. दादाची रॅकेट कुंपणावर एकटीच लटकत राहायची. दोन-तीन दिवसांनी तो समजला आणि मागच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत बसू लागला. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण मी म्हटलं, आधी कबूल करू दे. मग बघू.

पंधराव्या दिवशी माझा डाव लवकर संपला. बाकावर बसून बूट सोडता सोडता माझं लक्ष भिंतीकडे गेलं. दादाचा सराव संपला होता. टोपली घेऊन तो चेंडू वेचत होता. उजवीकडचे सगळे वेचले. मग उभा राहिला, समोर एकवार नजर फिरवली, आणि टोपली उचलून निघाला. त्याच्या डाव्या हाताला सात चेंडू पडले होते. पिवळेजर्द, करड्या फरशीवर, अगदी पायाशी.

मला आधी हसू आलं. मग तो फाटकातून बाहेर पडताना त्याचा डावा खांदा खांबावर आदळला. चांगला जोरात. त्याने वळून खांबाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. हा खांब इथे कधी आला, असं.



माझं चष्म्याचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासते आहे. कधी कधी दोन्ही डोळे ठणठणीत असतात, पण मेंदूत कुठेतरी रक्त अडतं आणि नजरेची एक बाजूच जाते. तिथे अंधार दिसत नाही. काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही हे त्या माणसाला कळतही नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, मला सगळं दिसतंय. अशी तीन-चार माणसं मी स्वतः धावपळ करून इस्पितळात पाठवली आहेत. आणि सख्खा भाऊ समोर असून मला कळलं नाही; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मला खटकलेले सगळे चेंडू मी आठवून पाहिले. एकही उजवीकडचा नव्हता.

तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दादा शाळेची व्हॅन चालवतो. रोज टेनिस झालं की बागेतूनच थेट निघतो, अकरा मुलं घेतो आणि आठच्या आत शाळेत सोडतो.

मी अनवाणीच धावले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा व्हॅन कोपऱ्यावर वळत होती. फोन लावला. दादा गाडी चालवताना फोन घेत नाही, हे मला ठाऊक होतं. या बाबतीत तो इतका काटेकोर आहे की आम्ही त्याची थट्टा करायचो. शाळेत लावला, तिथेही इतक्या लवकर कुणी उचलला नाही. मागून माझा जोडीदार प्लंबर आला. दोन वर्षं आम्ही दुहेरी एकत्र खेळतो. मला त्याला धड काही सांगता येईना. "स्कूटर काढ," एवढंच म्हणाले, "दादाला दिसत नाहीये."

माझ्याकडे एकदा पाहून त्याने काही न विचारता स्कूटरवर पायाशी ठेवलेले पाइपचे तुकडे रस्त्यावर उतरवले आणि किक मारली.

मार्ग मला पाठ होता. दादाच्या घरी जेवायला बसलं की तो तोच सांगायचा, कोणाचं मूल उशीर करतं आणि कोणाची आई डबा विसरते. पहिल्या थांब्यावर एक बाई एकटीच उभी होती, लाल झालेल्या चेहऱ्याने. व्हॅन आत्ताच गेली म्हणाली. आणि मग, आम्ही न विचारताच, सांगू लागली: तिची मुलगी पदपथाच्या कडेला हात हलवत उभी असताना गाडी तिच्या अंगावरून जाते की काय अशी जवळून पुढे गेली. ही मागून धावली, मागच्या दारावर थापा मारल्या, तेव्हा कुठे थांबली. काकांनी मुलीला हसून विचारलं, आज उशीर का झाला बाळा.

"तरी बसवलंत तिला?" मी ओरडलेच.

"मला कामावर जायचं असतं हो," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून रडायलाच लागली.

तिला समजावत बसायला वेळ नव्हता. स्कूटरवरूनच मी वहिनीला फोन लावला. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. दादाला घरी काही होतं का, चक्कर, डोकेदुखी, असं विचारलं. तशी काही तक्रार नाही म्हणाली. जेवणावरची वासना मात्र उडाली आहे, पंधरा दिवस झाले, अर्धं ताट तसंच ठेवून उठतात. तुम्ही सगळे तसे वागलात ना, मनाला लावून घेतलंय त्यांनी.

ताटाची कुठली बाजू, असं मी विचारलं. ती गोंधळली. मग आठवून म्हणाली, डावी.

प्लंबरच्या शर्टाला मी इतकं घट्ट धरलं होतं की त्याचं वरचं बटण तुटलं. दुसऱ्या थांब्याच्या अलीकडे एक ट्रक उभा होता, आणि त्याच्या मागच्या कोपऱ्याखाली काचा सांडल्या होत्या. प्लंबरने वेग कमी केला. व्हॅनचा डावीकडचा आरसा मुळापासून उखडून रस्त्यात पडला होता. मी रस्ता नीट पाहिला. काचेशिवाय दुसरं काही नव्हतं. काचेशिवाय दुसरं काय शोधत होते हे मला ठाऊक होतं, आणि ते मी मनातसुद्धा उच्चारलं नाही.

"पोलिसांना कळवूया का ताई?" प्लंबरने विचारलं.

कळवूया म्हणाले, पण फोन काढायला हात सुटेना. पुढे चौक होता. चौकात दादा डावीकडे वळतो, आणि तिथे त्या वेळेला दुसऱ्या एका शाळेची मुलं रस्ता ओलांडत असतात, घोळक्याघोळक्याने.

व्हॅन सिग्नलला उभी होती. सगळ्यात पुढे. मागच्या काचेतून मुलांची डोकी दिसत होती, कुणी कुणाची टोपी ओढत होतं. मी चालत्या स्कूटरवरूनच उतरले, पडले, उठले आणि गाड्यांच्या मधून पळत व्हॅनच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेले. दोन्ही हात वर करून ओरडले. दादा समोर बघत होता. शांत, सरळ बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मी त्याच्यापासून पाच हातांवर होते. माझ्या पाठीमागे मुलं रस्ता ओलांडायला पदपथावरून उतरली होती.

सिग्नल सुटला. व्हॅन हलली आणि माझ्याकडेच वळायला लागली.

अशा वेळी माणूस मागे सरतो. मलाही मागेच सरायचं होतं, खोटं कशाला सांगू. पण मागे सरले असते तर मुलं होती, आणि जिथे उभी होते तिथे मी दादासाठी नव्हतेच. त्याला दिसायचं तर मला गाडीच्या समोरून त्याच्या उजव्या बाजूला जायला हवं होतं. जेमतेम तीन पावलं असतील. मी डोळे मिटले आणि गाडीसमोरून चालले.

ब्रेक किंचाळले. बंपर माझ्या मांडीला टेकून थांबला. डोळे उघडले तेव्हा दादा काचेतून माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक.

"तू कुठून आलीस?" तो म्हणाला.

मी दार उघडून आधी किल्ली काढून घेतली. मागे अकरा मुलं गप्प झाली होती. नाही, नऊच होती, दोन अजून पुढच्या थांब्यावर वाट बघत होती. मी एक-एक तोंड पाहिलं. मग दादाला खाली उतरवलं, पदपथावर बसवलं आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. दुकानात रोज करते तेच केलं. माझ्या नाकाकडे बघ म्हटलं. त्याच्या उजवीकडे माझी दोन बोटं धरली.

"दोन," तो म्हणाला.

मग त्याच्या डावीकडे हात धरला. पाचही बोटं हलवली. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. दादा माझ्या नाकाकडे बघत वाट पाहत राहिला, शहाण्या मुलासारखा.

"धर ना हात," शेवटी तो म्हणाला.

मुलांपाशी प्लंबर थांबला. त्यानेच पालकांना फोन केले, पोलिसांशी बोलला. मी दादाला टॅक्सीत घातलं. इस्पितळात त्यांनी त्याला सरळ मेंदूच्या स्कॅनला नेलं. तासाभराने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि तिने विचारलं की हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं. मी म्हणाले, तीन आठवडे होत आले. लक्षात आलं होतं का, तिने पुन्हा विचारलं. काहीतरी दिसत होतं, पण कळलं आज, असं मी सांगितलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. यावरचं औषध पहिल्या काही तासांतच द्यायचं असतं, म्हणाली. आता गेलेली बाजू बहुधा परत यायची नाही. आणि असा झटका आणखी कधीही येऊ शकतो, आज रात्री, उद्या, म्हणून त्यांना इथेच ठेवून घेऊ.

वहिनी यायची होती. मी आत गेले. दादाला नळ्या लावल्या होत्या. मी त्याच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि उशाशी असलेल्या यंत्रावरची रेघ बघत राहिले. ती जरा वेडीवाकडी झाली की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. मग मी म्हणाले, "दादा, तू खोटं बोलत नव्हतास."

"मला वाटायला लागलं होतं, बोलत असेन," तो म्हणाला. "एवढी वीस माणसं कशाला उगाच म्हणतील. म्हणून म्हटलं, एकदा डोळे तपासून घेऊ. मागच्या मंगळवारी आलो होतो तुझ्या दुकानात. तू नव्हतीस."

दुकानात शिरताना डाव्या हाताला माझं टेबल आहे. त्या मंगळवारी तो आत आला, उजवीकडच्या चष्म्यांच्या कपाटाकडे बघत दोन मिनिटं उभा राहिला आणि गेला. मी टेबलाशी बसून ते सगळं पाहिलं. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही म्हणजे केवढा ताठा, असं म्हणून मी खाली मान घालून फ्रेमचा स्क्रू पिळत बसले होते.

"होते मी दादा," मी म्हणाले. "तिथेच होते. टेबलापाशी."

त्याने मग मला शोधायला मान वळवली, गरज नसताना, जरा जास्तच वळवली.

"मग हाक का नाही मारलीस?" त्याने विचारलं.