दोन सिस्टीम आणि आप्पांचा आवाज

मित्रांनो, माझा पंखा घरघरतो त्यावरूनच तुम्ही ओळखाल की मी जुना संगणक आहे. पवनानगरजवळच्या एका घरात, धरणाकडे उघडणाऱ्या खिडकीखाली माझे टेबल आहे. माझा जन्म नेमका कुठे झाला हे मला सांगता येणार नाही. डिस्क एकीकडची, पडदा दुसरीकडचा, आणि हे सगळे पुण्यातल्या एका दुकानात स्क्रूने एकत्र आले. काही वर्षे एका ऑफिसात राबून मी निकामी ठरलो, तेव्हा या घरातल्या संदेशने मला घेतले.

संदेशचे वडील दत्तोबा, म्हणजे घरातले आप्पा, कामशेत ते पवनानगर शेअर जीप चालवत. त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवले. मागून एक मावशी तडकल्या, "दत्तोबा, ह्या डब्याला म्होरची शीट आन आमी मागं व्हय?"

"मावशी, ह्यो डबा घाटात उलटी करत न्हाई," आप्पा म्हणाले, आणि सगळी जीप हसली.

आप्पांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. भरदार आणि थोडा खरखरीत होता. "कडधे, येळसे, पवनानगर! दोन शीट, दोन शीट!" असे ते ओरडले की स्टँडच्या पार टोकाचा माणूसही वळून बघायचा.

पुढची वर्षे सुखाची गेली. संदेश धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. त्याची बुकिंगे, फोटो, बिले सगळे माझ्यात असे. दसऱ्याला रतनबाई, त्याची आई, मला हळदकुंकू लावून झेंडू वाहत. मग आप्पांच्या आवाजातली खरखर वाढली. औषधांनी ती जाईना. तपासणीत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल.

संदेशची धाकटी बहीण चैताली नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती. तिने शोधून काढले की असा एक प्रोग्राम आहे, ज्याला माणसाच्या आवाजातली पुष्कळ वाक्ये दिली तर तो त्या आवाजात बोलायला शिकतो. नंतर आपण टाईप करायचे आणि त्याने बोलायचे. पण तो प्रोग्राम माझ्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नव्हता. त्याला दुसरी लागत होती.

"माझी बुकिंगं उडाली तर?" संदेश म्हणाला.

"तुझं काही पुसत नाही, दादा. जुनी सिस्टीम राहील, नवी तिच्या शेजारी बसेल."

"एका घरात दोन चुली कशाला गं?" रतनबाई म्हणाल्या.

चैतालीने काम नीट केले. आधी संदेशच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढली. जुन्या सिस्टीमची जागा आक्रसून घेतली आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी बसवली. दोघींना वाचता-लिहिता येईल असा एक सामायिक भागही ठेवला. नवीची जागा तोकडी होती, म्हणून आवाजाच्या फायली या भागात जाणार होत्या. तेव्हापासून मी सुरू होताना विचारू लागलो, कोणती सिस्टीम उघडू? एक चालू असली की दुसरीला कशाचाही पत्ता नसे.

मित्रांनो, जुनीची एक सवय होती. तिला बंद केले तरी ती पुरती बंद होत नसे. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून डिस्कवर काय कुठे आहे हे ती मनात धरून झोपे. ही सवय एका सेटिंगने मोडता येते. चैताली वाचत असलेल्या सूचनांमध्ये ती अगदी शेवटी होती. चैताली तिथवर पोहोचली आणि आतून आप्पांनी विचारले, "झालं का गं? आवाज हाय तवर घे."

ती तशीच उठली आणि माइक जोडू लागली.

तो आठवडा संदेशने बुकिंगे फोनवरच केली. माझ्यासमोर आप्पा बसत. पडद्यावर वाक्य येई आणि ते वाचत.

"आज हवामान कोरडे राहील... कोरडं? हितं? कोन म्हनतंय?"

"आप्पा, नुसतं वाचा. आणि हळू. मशीनला पॅसेंजर भरायचे नाहीत."

खोकला आला की ते थांबत, पाणी पीत आणि पुन्हा वाचत. शेवटच्या दिवशी त्यांनी माइक स्वतःकडे ओढला. "आता माजी वाक्यं घे. रतन, च्या ठेव. चैते, जेवलीस का? संद्या, गाडी हळू चालव. ह्ये मला रोज लागंल."

दुसऱ्या दिवशी चैताली आणि रतनबाई त्यांना घेऊन पुण्याला गेल्या. मशीनला शिकवायचे काम परत आल्यावर करायचे ठरले होते. तंबूत पाहुणे असल्याने संदेश मागे राहिला. त्याने मला सुरू केले आणि जुनी सिस्टीम निवडली. ती उठली ती जुनीच आठवण घेऊन. तिच्या लेखी सामायिक भाग रिकामा होता. डिस्कमध्ये चुका आहेत, दुरुस्त करू का, असे तिने विचारले. संदेशने हो केले. तिने सगळे तिच्या आठवणीसारखे, म्हणजे रिकामे, करून टाकले.

चैताली परतली तेव्हा आप्पांचे ऑपरेशन झाले होते. तिने आवाजाच्या फायलींचे फोल्डर उघडले, तर ते रिकामे होते. हरवलेल्या फायली शोधणारे प्रोग्राम चालवून पाहिले. हाती आले ते तुकडे, आणि त्यांत नुसती करकर.

"मी फक्त येस दाबलं, चैते," संदेश म्हणाला.

"तू नाही रे. एक सेटिंग माझ्याकडून राहिली."

संदेशच्या फोनमध्ये आप्पांचे थोडे व्हॉइस मेसेज निघाले. त्यांत जीपचे इंजिनच जास्त होते. प्रोग्रामने ते घेतले नाहीत.

आप्पा घरी आले. गळ्यावर पट्टी होती. ते थेट माझ्यासमोर येऊन बसले आणि वाट पाहू लागले. चैतालीने उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. तेवढ्यात संदेश मध्ये पडला, "न्हाई आप्पा, मीच दाबलं." दोघांचे आवाज चढले. आप्पांनी कीबोर्ड पुढे ओढला. एका बोटाने अक्षरे शोधत त्यांनी लिहिले, 'भांडू नका'. मग चैतालीने दाखवलेले बटण दाबले.

"भांडू नका," माझ्या स्पीकरमधून एक अनोळखी पुरुष बोलला. प्रोग्रामसोबत आलेला तयार आवाज होता तो, स्वच्छ आणि शहरी. रतनबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

आप्पा स्पीकरकडे बघत राहिले. मग पुन्हा बोट फिरू लागले. 'ह्यो कोन?'

आता आप्पा जे काही बोलतात ते त्याच माणसाच्या आवाजात. रतनबाई अजूनही तो ऐकला की पदर सारखा करतात.

मित्रांनो, मी साधे यंत्र आहे. जे सांगाल ते ठेवतो आणि जे सांगाल ते पुसतो. त्यातले काय पुन्हा मिळणार नाही, हे मला कधीच कळत नाही. ते तुम्हाला कळते. म्हणून अशा गोष्टीची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा, आणि त्याच दिवशी ठेवा. माझ्या एकट्याच्या भरवशावर कोणाचा आवाज सोडून जाऊ नका.