शिंपल्यांचा भागाकार

मासेवाल्यांनी आपले आकडे किलोत पाठवले होते. मातीवाल्या मॅडमनी घमेलंभर मातीत किती गांडुळं निघाली ते मोजलं होतं, पक्षीवाल्यांनी काठावरची घरटी मोजली होती, आणि एका गृहस्थांनी पाण्यात पांढरी थाळी सोडून ती किती खोलपर्यंत दिसते ते सेंटिमीटरमध्ये कळवलं होतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच होता. घाण पाण्याने मेलेली नदी दुरुस्त केली, तर तिच्यात जीव परत येतो का? उत्तरं अशी, की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. हा सगळा गोंधळ निस्तरून त्यातून एक निष्कर्ष काढायचं काम संस्थेने जिच्या गळ्यात बांधलं होतं, तिला तिथे सगळे 'भागाकारबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतपत मोठ्याने.

नाव काही खोटं नव्हतं. प्रत्येक अभ्यासात नदीचे दोन पट्टे असायचे, एक दुरुस्त केलेला आणि एक शेजारचा, जसा होता तसा सोडलेला. दुरुस्त पट्ट्याच्या आकड्याला ती शेजारच्या पट्ट्याच्या आकड्याने भागायची. भागलं की किलो किलोत जिरायचे, घरटी घरट्यांत, आणि हातात उरायचं ते नुसतं 'किती पट'. मासे दुप्पट, गांडुळं दीडपट, डासांच्या अळ्या निम्म्या. आता यांना एका पंगतीला बसवता येत होतं. तरी एक मेख होतीच. एकाने दुप्पट सांगितलं आणि दुसऱ्याने निम्मं, तर दोघांचं मिळून काहीच झालं नाही असं निघायला हवं. पण नुसती सरासरी काढली तर सव्वापट येते, म्हणजे आयता पाव हिस्सा फायदा, कुणी काही न करता. म्हणून ती प्रत्येक गुणोत्तराचा लॉग, म्हणजे लॉगॅरिदम, घ्यायची, मग दुप्पट उजवीकडे जेवढं लांब जाई तेवढंच निम्मं डावीकडे. लोकांना हे समजावून सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. मासेवाले ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "ते सगळं ठीक आहे, पण किलोत किती?"

वर्षभर हेच चाललं होतं. स्वतःचं असं एकही निरीक्षण नाही, एकदाही पाण्यात पाय नाही. दुसऱ्यांच्या पोरांना आंघोळी घालून, भांग पाडून एका रांगेत उभं करायचं, आणि शेवटी कौतुक पोरांच्या आईबापांचं. संध्याकाळी घरी परतताना तिला पायऱ्या चढायचाही कंटाळा यायचा. जिन्याच्या वळणावर ती उगाच थांबायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, आणि मग वर जायची.

वर आप्पा वाट बघत बसलेले असायचे. आप्पा म्हणजे तिचे सासरे. त्याच संस्थेत त्यांनी उभी हयात काढली होती, शिंपल्यांवर. ही नदी दुरुस्तीची कल्पना लोकांना अजून वेडगळ वाटत होती, तेव्हा त्यांनी लागोपाठ तीन हिवाळे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन्ही पट्ट्यांतले शिंपले मोजले होते. चिखलातला शिंपला डोळ्याला दिसत नाही, हाताने चाचपून काढावा लागतो. त्या थंडीने त्यांची बोटं कायमची आखडली. आता कपसुद्धा ते दोन तळव्यांत धरून उचलत. आणि एवढं करून तो अभ्यास छापून आला संस्थेच्याच पत्रिकेत, जी छापणाऱ्यानेही वाचली नसावी. कुणी कधी त्याचा उल्लेख केला नाही. आप्पा वर्षानुवर्षं त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते, पण सून हे एकत्रीकरणाचं काम करतेय असं कळल्यापासून म्हाताऱ्याच्या जिवाला पालवी फुटली होती. त्र्याऐंशीव्या वर्षी माणूस आणखी कशाची वाट बघणार? सगळ्या शास्त्रांच्या रांगेत आपलाही एक ठिपका पडावा, बस्स. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. तिला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जिना चढवत नव्हता.

कारण आप्पांचा अभ्यास रांगेत बसत नव्हता.

दुरुस्त पट्ट्यात तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत चाळीस जिवंत शिंपले आले होते. शेजारच्या पट्ट्यात एकही नाही. पहिल्या हिवाळ्यात नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. चाळीसला शून्याने भागा म्हटलं तर शाळेतलं पोरही हसेल. आणि शून्य असलेले अभ्यास वगळायचे हा नियम कुणी केला होता? तिनेच, कामाच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने संचालकांशी वाद घालून पाहिला होता. शून्याच्या जागी अर्धा धरायचा असाही एक प्रघात आहे, सर, बरेच जण तसं करतात, असं ती म्हणाली. संचालक वाईट माणूस नव्हता. त्यांनी कागद पुढे ओढला.

"अर्धा धरला तर ऐंशी पट. एक धरला तर चाळीस. एकदशांश धरला तर चारशे. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे उत्तर शिंपल्यांचं झालं की तुमचं?"

दुसऱ्या कुणी असा अर्धा घुसडला असता तर तिने त्याला याच शब्दांत झापलं असतं. "सोमवारी अंतिम यादी द्या," संचालक म्हणाले, आणि जरा घुटमळून, "आप्पांना माझा नमस्कार सांगा."

नमस्कार तिने सांगितला. बाकीचं सांगायला रविवार उजाडला.

दुपारची जेवणं झाली होती. टेबल पुसून तिने त्यावर लॅपटॉप ठेवला आणि आप्पांना शेजारी बसवून सरळ सांगून टाकलं. आडवळणाने सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. नवरा सोफ्यावर आडवा पडून टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत होता.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे एखाद-दुसरा जरी सापडला असता, तरी चाललं असतं."

"हो."

"थोडं वाढलं असतं तर घेतलं असतंत. नव्हतं तिथे आलं, तर नाही घेणार."

"घ्यायचं नाही असं नाही, आप्पा. घेता येत नाही. या हिशेबात 'कितीपट' विचारतात. काहीच नव्हतं त्याच्या कितीपट, याला उत्तरच नाही."

आप्पा टेबलाच्या कडेवरून तळवा फिरवत राहिले. त्या हाताकडे तिला बघवेना. मग ते बोलले, पण आवाज त्यांचा नव्हता, काहीतरी मागायला आलेल्या माणसाचा होता.

"दुसऱ्या हिवाळ्यात... वरच्या अंगाला, दगडाच्या कपारीत. एक होता बहुतेक."

तिने त्यांच्या नोंदींची ओळ उघडली. तिथे शून्यच होतं.

"तेव्हा लिहायचा राहिला असेल. एक धर. एकच."

"घाल की," सोफ्यावरून नवरा म्हणाला. "एका शिंपल्याने काय आभाळ कोसळणारे? कोण जातंय मोजायला?"

"तू गप्प बस रे," ती म्हणाली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

तिला खरं तर रडू येत होतं. हा माणूस अर्ध्या शिंपल्याबद्दलसुद्धा खोटं बोलला नव्हता. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात दुधाचा हिशेब चुकला म्हणून परत जाऊन जास्तीचे पैसे देऊन आला होता, आणि वर गवळ्याचीच बोलणी खाल्ली होती. तो आज तिच्यासमोर बसून कपारीतला शिंपला बनवत होता, आणि तिच्याकडे बघत नव्हता. नाही म्हणावं तर त्यांना त्यांच्याच तोंडावर खोटं पाडल्यासारखं. हो म्हणावं तर वर्षभराची सगळी मेहनत, मासे, घरटी, गांडुळं, सगळं एका खोट्या शिंपल्यावर उभं. ती इतकी दमली होती की क्षणभर तिला खरंच वाटलं, असेलही एखादा. कपारी असतातच की.

"बघू या," ती म्हणाली, आणि शून्य पुसून तिथे एक टाकला.

पडद्यावर दर अभ्यासामागे एक अशी ठिपक्यांची रांग हलली आणि एक नवीन ठिपका आला. मधली उभी रेघ म्हणजे 'फरक नाही'. तिच्या डावीकडे घटलेले, उजवीकडे वाढलेले. आप्पांचा ठिपका पार उजवीकडे होता.

"हा तुमचा," तिने बोट ठेवलं.

आप्पा पुढे वाकले. चष्मा वर-खाली करून त्यांनी ठिपका नीट पाहिला. चेहरा उजळला, आणि ते बघून तिला आणखीच वाईट वाटलं.

"आणि याच्या पलीकडचे हे दोन?"

"तो जिवाणूंचा. साठपट. आणि हा एका तणाचा, काठावरचं कसलंसं रानटी गवत, पन्नासपट."

"गवत?"

"हो."

"गवत तिथे आधी होतं?"

"होतं थोडं. जिवाणूही होतेच. जिवाणू कुठे नसतात?"

"म्हणजे आमचा तिसरा."

"तिसरा," ती म्हणाली. "रांगेत बसलं की असंच, आप्पा. होतं त्यापेक्षा वाढलं, एवढंच दिसतं."

सोफ्यावरून नवरा म्हणाला, "कांस्यपदक, आप्पा! अभिनंदन," आणि त्याच्या लक्षात आलं की कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने टीव्ही बंद केला.

आप्पा ठिपक्यांकडे बघत बसले होते.

"अगं, तिथे काही नव्हतं," ते म्हणाले. आता आवाज त्यांचा होता. "चिखल असा काळा, हात धुऊन घरी आलो तरी घरभर वास. मी कोपरापर्यंत हात घालायचो. एका बाजूने सुरू करायचो आणि दुसऱ्या बाजूपर्यंत जायचो. एक टरफल लागायचं नाही हाताला. बायको म्हणायची, काही नाहीच आहे तर रोज कशाला जाता? मी म्हणायचो, नाही हे बघायलाच जातोय." त्यांनी पडद्यावरच्या गवताच्या ठिपक्याकडे हात केला. "गवत होतं, ते वाढलं. ठीक आहे. वाढेना का. हे वाढलेलं नाही. हे आलं."

"हो, आप्पा."

"तो एक काढ."

"नक्की?"

"काढ म्हणतो ना. कपारीत कसला शिंपला, तिथे कपार नव्हतीच."

तिने एक पुसला आणि शून्य टाकलं. ठिपका गेला. जिवाणू, गवत, मासे, सगळे आपापल्या जागी तसेच राहिले. आप्पांनी टेबलाला रेटा देऊन उठायचा प्रयत्न केला, नवरा धावत येऊन दंडाला धरायला लागला तसे ते पुन्हा खाली बसले.

"मग आमचं काय करणार? फेकून देणार?"

"फेकत नाही. शेवटी एक परिशिष्ट असतं, वगळलेल्या अभ्यासांचं. तिथे नाव येतं, आणि पुढे वगळण्याचं कारण."

"ते कोण वाचतं?"

खोटं बोलायला आजचा दिवस चांगला नव्हता. "कुणीच नाही," ती म्हणाली.

"काय कारण लिहिलंयस?"

तिने ते पान उघडलं आणि वाचून दाखवलं. "'वगळला. तुलनेच्या पट्ट्यात एकही जिवंत शिंपला आढळला नाही.'"

"परत वाच."

तिने परत वाचलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. नवरा पाणी आणायला म्हणून आत गेला आणि आतच राहिला.

"'आढळला नाही' नको," आप्पा म्हणाले. "'नव्हता' असं लिही."

"आप्पा, तसं नाही लिहिता येत. आढळला नाही एवढंच म्हणायचं असतं. खरोखर नव्हता का, हे कुणाला ठाऊक?"

"मला."

एवढंच म्हणून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं सरळ होत नव्हती, जशी वळली होती तशीच ठेवली.

तिने ते दोन शब्द खोडले आणि 'नव्हता' लिहिलं. सोमवारी संचालक त्याच शब्दाखाली लाल रेघ मारतील आणि म्हणतील, बाई, हे तुम्हाला शोभत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फाईल बंद केली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला कुणाशी तरी कडकडून भांडायची हौस आली होती.