नव्या नळ्यांची तहान

लागोपाठ दुसरी ड्युटी करणाऱ्या सिस्टरच्या पायांनी कधीच राजीनामा दिला होता. तो मंजूर करायला कुणी नव्हतं, म्हणून पाय कामावर येत होते.

कोपऱ्यातल्या खाटेवर निवृत्त बसड्रायव्हर काका होते. त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले होते, त्यामुळे एक मशीन मानेतल्या नळीतून रक्त बाहेर ओढायचं, त्यात ऑक्सिजन भरायचं आणि परत आत सोडायचं. नळी हलू नये म्हणून काकांना औषधाने झोपवून ठेवलं होतं. सकाळी मशीनच्या सगळ्या नळ्या बदलल्या. झोपेचं औषध मात्र सिस्टरने कालच्याच मापाने चालू ठेवलं.

दुपारी काकांनी डोळे उघडले. हात थेट मानेकडे.

"डॉक्टर!" सिस्टरने दोन्ही हातांनी तो हात धरला. उभा जन्म स्टिअरिंग फिरवलेला हात, आवरतोय कुठला!

डॉक्टर धावत आले. "डोस वाढवला नाहीत? नव्या नळ्या औषध शोषून घेतात!"

"माहितेय हो. डोकंच चाललं नाही."

"माझंही," डॉक्टर औषधाच्या पंपाची बटणं दाबत म्हणाले. "जास्तीचा डोस सोडलाय. पण आधी नळ्यांचं पोट भरणार, मग यांचा नंबर."

भेटायला आलेल्या काकू दारातच थबकल्या. "काय झालं?"

"काकू, काकांचं औषध नळ्यांनी प्यायलं! यांनी मानेतली नळी उपटली तर रक्त थांबायचं नाही. बोला यांच्याशी!" सिस्टर म्हणाली.

"आपल्या ताटातला घास कधी कुणाला दिला नाही या माणसाने. आता नळ्यांना पाजतायत!" काकू खाटेवर वाकल्या. आवाज कापत होता, पण चढा होता. "अहो! हात खाली! खाली म्हणते ना!"

काकांची नजर वळली. हात हवेतच अडकला, जरा विचार केल्यासारखा, आणि मुकाट खाली आला.

मग काकूंनी सुरुवात केली. गळका नळ, हरवलेली किल्ली, थोरल्या जावयाचा फुगलेला चेहरा. काका हूं की चूं न करता ऐकत होते. तोंडात श्वासाची नळी होती, पण एरवीही ते असंच ऐकत. हळूहळू पापण्या जड झाल्या.

सिस्टरने पंपावरचा आकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला. आज स्वतःवर तिचा भरवसा नव्हता.

"काकू, झोपले ते."

"झोपू दे," काकूंनी स्टूल पुढे ओढलं. "माझं अजून बाकी आहे."